काळी माती, पांढरा बर्फ आणि जड गाडी

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. या गावाच्या शिवारात, खरे तर साऱ्या वऱ्हाडातच, पावसाळा लागला की एक दृश्य हमखास दिसते. खताची पोती भरलेली ट्रॉली पांदणीत फसलेली असते. ट्रॅक्टर धूर ओकत जोर लावतो, चाक जागच्या जागी फिरते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक आणखी खाली जाते. शेवटी कुणीतरी बांधावरचा पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा भारा आणून चाकापुढे पसरतो. चाकाला पकड मिळते, चार माणसे मागून रेटतात आणि ट्रॉली हलते.

हीच पांदण महिनाभरापूर्वी दगडासारखी टणक होती. तेव्हा याच ट्रॅक्टरने हीच ट्रॉली याहून जास्त वजन घेऊन सहज ओढली असती. म्हणजे ट्रॅक्टरची ताकद कमी झाली नाही, ओझेही वाढले नाही. बदलली ती जमीन.

या लेखाचा विषय आहे बर्फाळ आणि दुर्गम प्रदेशांतून जड यंत्रे, ट्रक आणि सामान कसे नेतात, हा. मग सुरुवात इंझोरीच्या चिखलातून कशासाठी? कारण दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच आहे: पायाखालची जमीन किती भार पेलू शकते? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पाणी ठरवते. बर्फाळ प्रदेशात ते तापमान ठरवते. हे एकदा ध्यानात आले की अंटार्क्टिकातली वाहतूक आपल्या विद्यार्थ्यांना परकी वाटणार नाही.

ओझे नव्हे, दाब

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते व कण एकमेकांवरून सहज घसरतात. पाणी गेले की ती आकसते, भेगाळते आणि कडक होते. पावसात ओल्या झालेल्या मातीची भार पेलण्याची क्षमता त्यामुळे झपाट्याने घटते.

अशा मातीवर कोण रुतेल आणि कोण तरेल, हे केवळ वजनावर ठरत नाही. ते वजन किती जागेवर पसरले आहे, यावर ठरते. साठ किलो वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा आहे असे समजू. प्रत्येक तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ०.१५ किलो भार येतो. चालताना एक पाय उचलला जातो, म्हणून तो दुप्पट, ०.३ किलो होतो.

आता गाडीचे पाहू. हवा भरलेल्या टायरसाठी एक सोपा आडाखा आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात हवा कमी असते, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. ट्रॉलीच्या लहान टायरमध्ये ती तीन-चार किलोपर्यंत असते, तर भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये सात किलोच्या आसपास. म्हणूनच बहुतेक वेळा ट्रॅक्टर पार होतो आणि ट्रॉली फसते. ट्रकने तर पावसाळ्यात पांदणीचे नावही काढू नये!

पऱ्हाटीचा भारा नेमके काय करतो, हेही आता कळते. काड्यांची जाळी चाकाखालचा भार मोठ्या जागेवर पसरवते आणि दाब कमी होतो. शिवाय चाकाला घर्षण मिळते. शेतकऱ्याने हे पुस्तकातून घेतलेले नाही, पण दाबाच्या व्याख्येचा यापेक्षा चांगला उपयोग दाखवता येणार नाही.

ध्रुवावर पोचलेले शेतीचे ट्रॅक्टर

नुकताच पडलेला, भुसभुशीत बर्फ म्हणजे काळ्या चिखलाचा पांढरा भाऊ. त्यात माणूसही मांडीपर्यंत रुततो. त्यावर जड गाडी न्यायची तर भार पसरवण्यावाचून गत्यंतर नाही.

१९५८ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी आणि त्यांचे न्यूझीलंडचे सहकारी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते चक्क शेतीच्या ट्रॅक्टरवरून. तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर त्यांनी नेले होते. आपल्या शिवारात दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे ते पूर्वज. चाकांभोवती त्यांनी रणगाड्यासारखे पट्टे चढवले होते, त्यामुळे चाकाच्या छोट्याशा टेकणीऐवजी लांबलचक पट्टा बर्फावर टेकत असे. हे ट्रॅक्टर एकमेकांना दोराने बांधलेले असत. एखादा हिमभेगेत कोसळू लागला तर बाकीच्यांनी त्याला धरून ठेवावे, हा त्यामागचा हेतू. बर्फाच्या जाड थरातल्या या खोल भेगांवर वाऱ्याने आणलेल्या हिमाचा पातळ पूल तयार होतो आणि वरून पाहता सपाट मैदान दिसते. ४ जानेवारी १९५८ रोजी हे ट्रॅक्टर ध्रुवावर पोचले.

याच्या सुमारे पंचवीस वर्षांनंतर भारत अंटार्क्टिकात उतरला, आणि त्या प्रवासाची सुरुवात आपल्या शेजारच्या गोव्यातून झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी मार्मागोवा बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे जहाज डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांना घेऊन निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीय चमूने अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाऊल ठेवले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे उभे राहिले. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. ठाण्याचे सगळे सामान जहाजातून उतरवून, बर्फावरून ओढत नेऊन, लष्कराच्या मदतीने सुमारे आठ आठवड्यांत ते बांधावे लागले, कारण अंटार्क्टिकातला उन्हाळा कुणासाठी थांबत नाही.

हे ठाणे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर होते. वर्षामागून वर्षे हिम पडत राहिले आणि ठाणे त्याखाली गाडले जाऊ लागले. १९९० मध्ये त्याचा ठाणे म्हणून वापर थांबला. दरम्यान ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे शिर्माखर या खडकाळ भागात बांधले गेले. पाया पक्का मिळाला, पण वाहतुकीचे काम वाढले. जहाज लागते ते बर्फाच्या कड्याशी, आणि मैत्री तिथून सुमारे शंभर किलोमीटर आत. इंधनाच्या टाक्या, खोकी, यंत्रे, अन्न असे सारे या शंभर किलोमीटरच्या बर्फावरून न्यावे लागते. त्यासाठी ‘पिस्टन बुली’ नावाची रुंद पट्ट्यांची वाहने मागे मोठमोठ्या घसरगाड्या जोडून काफिल्याने चालतात. काफिला ठरलेली, तपासलेली वाट सहसा सोडत नाही, कारण वाटेबाहेर कुठे हिमभेग आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

अशा वाहनाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. समजा वाहन आठ टनांचे आहे. प्रत्येक पट्टा १.२ मीटर रुंद असून त्याचा ३.५ मीटर भाग बर्फावर टेकतो. दोन पट्ट्यांचे मिळून क्षेत्रफळ ८.४ चौरस मीटर, म्हणजे ८४,००० चौरस सेंटिमीटर. आठ हजार किलोंना या संख्येने भागले की दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोहून थोडे कमी येते. म्हणजे आठ टनांचे वाहन माणसाच्या पावलापेक्षा हलके पडते! हे उत्तर आले की वर्गात दोन क्षण कुणाचा विश्वास बसत नाही. तेवढ्यासाठी तरी हे गणित घालावे.

पाण्यावरचा रस्ता

आतापर्यंतचा बर्फ अडचण होता. पण उत्तरेकडच्या देशांत तोच बर्फ रस्ता होतो. कॅनडाच्या उत्तर भागात असंख्य तळी आहेत. उन्हाळ्यात तिथे जमिनीवरून जाणे जवळजवळ अशक्य, सगळीकडे पाणी आणि दलदल. हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्यांवरून शेकडो किलोमीटरचे रस्ते तयार केले जातात. हिऱ्यांच्या खाणींना वर्षभर लागणारे डिझेल, सिमेंट आणि यंत्रे साधारण जानेवारीअखेरपासून मार्चअखेरपर्यंतच्या दोन महिन्यांत या रस्त्यांवरून नेतात.

हे रस्ते आपोआप होत नाहीत. आधी बर्फावर पडलेले हिम बाजूला सारतात, कारण हिमात हवा कोंडलेली असते आणि ते गोधडीसारखे खालच्या पाण्याची ऊब राखते. गोधडी काढली की थंडी खोलवर पोचते आणि बर्फ जाड होतो. कधी वरून पाणी ओतूनही थर वाढवतात.

बर्फ किती जाड असला की किती वजन पेलेल? यासाठी एक प्रसिद्ध, सावधपणे ठरवलेले सूत्र आहे. बर्फाच्या जाडीचा (सेंटिमीटरमध्ये) वर्ग करा आणि त्याला चारने गुणा. आलेले उत्तर म्हणजे सुरक्षित वजन, किलोमध्ये. दहा सेंटिमीटर बर्फ ४०० किलो पेलेल, वीस सेंटिमीटर १,६०० किलो, पन्नास सेंटिमीटर दहा टन आणि एक मीटर चाळीस टन. हे सूत्र गोड्या पाण्याच्या स्वच्छ, बिनभेगांच्या बर्फासाठी आहे. समुद्राचा खारट बर्फ किंवा वितळू लागलेला बर्फ यापेक्षा बराच दुबळा असतो.

जाडीचा वर्ग कुठून आला? गाडीच्या वजनाने बर्फाचा थर फळीसारखा वाकतो. त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. जाडी दुप्पट केली की विरोध करणारा पदार्थ दुप्पट होतो आणि वरच्या-खालच्या भागांतले अंतरही दुप्पट होते. दोन्ही मिळून ताकद चौपट. उलट बाजूने पाहिले तर, जाडी निम्मी झाली की ताकद एक चतुर्थांशच उरते. उबदार हिवाळ्यात बर्फ ‘थोडासा’ पातळ झाला तरी ट्रकवाल्यांचे धाबे का दणाणते, ते या वर्गात दडलेले आहे.

या सूत्राची किंमत रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेला मोजावी लागली. जानेवारी १९११ मध्ये अंटार्क्टिकात जहाजातून सामान उतरवताना त्यांच्या तीन मोटारगाड्यांपैकी एक समुद्राच्या बर्फातून थेट तळाला गेली. पट्ट्यांवर चालणारी त्या काळची ती अगदी नवी यंत्रे होती. उरलेल्या दोन गाड्या पुढच्या मोसमात ध्रुवाच्या वाटेवर काही दिवसांतच निकामी झाल्या. कारण थंडी नव्हे. त्यांची हवेने थंड होणारी इंजिने तापत आणि आतले भाग मोडत. शेवटी माणसांनीच घसरगाड्या ओढल्या. १७ जानेवारी १९१२ रोजी पाच जण ध्रुवावर पोचले आणि परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. त्याला कारणे अनेक होती. त्यांतले एक मात्र आपल्या विषयाशी जोडलेले आहे. घसरगाडी बर्फावर घसरते, कारण पृष्ठभागावर पाण्यासारखा निसरडा पातळ थर असतो. थंडी फार वाढली की हा थर उरत नाही आणि बर्फ वाळूसारखा खरखरीत होतो. परतीच्या त्या कडाक्याच्या थंडीत स्कॉट यांची माणसे जणू वाळवंटातून गाडी ओढत होती.

लाडोगा: भाकरीचा रस्ता

बर्फावरच्या रस्त्यावर किती माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने रशियातल्या लेनिनग्राड शहराला वेढा दिला. शहरात अन्न जवळजवळ संपले. नोव्हेंबर-डिसेंबरात काम न करणाऱ्यांना आणि मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. आपल्या हिशेबाने जेमतेम एक भाकरी, आणि तीही भेसळीची. बाहेर जाण्याची एकच वाट उरली होती, ती गोठू लागलेल्या लाडोगा तळ्यावरून.

बर्फ पुरेसा जाड होण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. आधी घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या आणि २२ नोव्हेंबर १९४१ रोजी ट्रकचा पहिला ताफा बर्फावर उतरला. ट्रकमध्ये मोजकीच पोती ठेवत आणि मागे घसरगाडी जोडून उरलेला भार तिच्यावर विभागत. गाड्या एकमेकींपासून अंतर ठेवून चालत. ट्रक बुडू लागला तर उडी मारता यावी, म्हणून कित्येक चालक दार उघडे ठेवून गाडी हाकत. अनेक ट्रक बुडाले, पण रस्ता चालू राहिला आणि शहरात अन्न पोचत राहिले.

तिथे एक कोडेही समोर आले. जड ट्रक जिथून सुखरूप गेला, तिथेच मागून वेगाने येणारा हलका ट्रक बर्फ फोडून जाई. रशियन शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. कारण असे आहे: गाडीच्या खाली तरंगता बर्फ किंचित खचतो आणि हा खळगा गाडीबरोबर पुढे सरकतो. त्याबरोबर खालच्या पाण्यातही लाट चालते. उथळ पाण्यात या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली दहा मीटर असेल तर तो सेकंदाला सुमारे दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर येतो. खोली चार मीटर असेल तर ताशी २२-२३ किलोमीटर. गाडीचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला, तर झोक्याला योग्य वेळी धक्के दिल्यासारखी लाट वाढत जाते आणि बर्फ फुटतो. म्हणूनच आजही बर्फाच्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकना सावकाश जाण्याचा नियम आहे, काठाजवळ तर आणखी सावकाश. आणि थांबायचेही नाही, कारण स्थिर ओझ्याखाली बर्फ हळूहळू वाकत राहतो. घाई नको, मुक्कामही नको!

गोठलेली जमीन

काही ठिकाणी पाणी मातीच्या पोटात गोठलेले असते. अलास्का, उत्तर कॅनडा आणि सायबेरियात जमिनीखालचा थर वर्षानुवर्षे गोठलेलाच राहतो. त्यावर शेवाळ आणि कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो. हीसुद्धा एक गोधडीच, पण उलट कामाची: उन्हाळ्याची उष्णता खाली जाऊ न देणारी.

१९४२ साली अमेरिकी सैन्याने कॅनडातून अलास्कापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरचा रस्ता आठ-नऊ महिन्यांत बांधला. काही भागांत त्यांनी नेहमीच्या सवयीने वरचा थर खरडून काढला. ऊन थेट गोठलेल्या मातीवर पडले, आतला बर्फ वितळला आणि यंत्रे व ट्रक चिखलात रुतले. मग उपाय काय केला? वरचे शेवाळ तसेच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे, एकाला एक लावून अंथरले आणि वर माती टाकली. इंझोरीच्या शेतकऱ्याला हा उपाय सांगितला तर तो म्हणेल, यात नवीन ते काय? पऱ्हाटीऐवजी ओंडके, एवढाच फरक. एक मात्र खरे की ओंडक्यांनी भार पसरला आणि शेवाळाने थंडी राखली.

थंडी गाडीलाही सोडत नाही

म्हणजे थंडी रस्ता देते. पण तीच थंडी गाडी मोडते. हे समजावण्यासाठी वर्गात एक साधी वस्तू पुरते: खोबरेल तेलाची बाटली. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ती सकाळी गोठलेली असते आणि उन्हात ठेवावी लागते. डिझेलचेही काहीसे तसेच होते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. तापमान उतरले की त्यांचे स्फटिक होतात, गाळणी तुंबते आणि इंजिनाला इंधन मिळत नाही. लडाखच्या हिवाळ्यात ट्रकचालकांना हा अनुभव वर्षानुवर्षे येत असे. टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करण्यासारखे जिवावरचे उपाय त्यातूनच आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत वाहते राहते.

इंजिनातले तेलही घट्ट होते, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमक्या त्याच वेळी बॅटरी दुबळी होते, कारण तिच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ६० अंशांच्या आसपास गोठते, पण बॅटरी उतरलेली असेल तर ते बहुतांशी पाणीच असल्याने शून्याच्या थोडे खाली गोठून बॅटरी फोडू शकते. म्हणून अशा प्रदेशात रात्री इंजिनाला विजेवर ऊब देत ठेवतात, नाहीतर ते चालूच ठेवतात.

रबर ताठर होते. पोलादाचा स्वभावही बदलतो. एरवी जोर पडला की वाकणारे साधे पोलाद कडक थंडीत काचेसारखे तडकू शकते. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची कित्येक मालवाहू जहाजे अशीच तडकली आणि त्यांतली काही थंड पाण्यात मोडून दोन तुकडे झाली. त्यानंतर थंडीत टिकणाऱ्या पोलादाचा अभ्यास वाढला. क्रेनचा आकडा, साखळी, ट्रकचा सांगाडा यांसाठी कोणते पोलाद घ्यायचे, हे म्हणूनच फार विचाराने ठरवावे लागते.

आपल्याकडे थंडीच्या जोडीला उंची येते. लडाखमधल्या हानले इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२७० मीटरवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे साठ टक्केच असतो. इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, त्याची ताकद घटते, आणि माणसाचीही तीच गत होते. याच हानलेला ‘मेस’ ही गॅमा किरणांची दुर्बीण उभी आहे. तिच्या उभारणीत मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र प्रमुख होते. दुर्बिणीचा आरसा २१ मीटर व्यासाचा आणि सगळा डोलारा सुमारे १८० टनांचा. अख्खी घाटातून नेणे अशक्य, म्हणून ती सुट्या भागांत नेऊन तिथे जोडली. आरसासुद्धा एकसंध नाही, ३५६ फलकांचा आहे. उभी राहिल्यावरही भार विभागलेलाच आहे: सहा चाके २७ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळावर फिरतात. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले.

तीच युक्ती अंटार्क्टिकातल्या ‘भारती’ या ठाण्यात दिसते. २०१२ मध्ये सुरू झालेली ही इमारत १३४ मालवाहू कंटेनर जोडून बनली आहे. ज्या खोक्यांतून सामान जायचे, तीच खोकी घर झाली. या साऱ्या मोहिमांची आखणी आज गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते.

मुदत कमी होते आहे

हे सारे तंत्र एका गृहीतावर उभे आहे: थंडी वेळेवर येईल आणि पुरेशी टिकेल. २००६ च्या हिवाळ्यात कॅनडात पुरेशी थंडी पडली नाही. बर्फाचा रस्ता लवकर बंद करावा लागला आणि खाणींचे उरलेले सामान मोठ्या खर्चाने विमानांनी न्यावे लागले. पृथ्वीचे तापमान वाढत असताना असे हिवाळे वाढतील आणि गोठलेली जमीनही सैल होत जाईल. खाण कंपनी विमान भाड्याने घेऊ शकते. पण याच बर्फावरून वर्षाचे धान्य आणि इंधन आणणाऱ्या दूरच्या लहान वस्त्यांना ते परवडत नाही. पावसाळ्यात पांदण तुटलेल्या गावाला त्यांची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वर्गात करून पाहा

एक. परातीत ओली काळी माती सारखी पसरा. तिच्यावर एक वीट आधी आडवी आणि मग दुसऱ्या जागी उभी ठेवा. प्रत्येक वेळी ती किती मिलिमीटर रुतली ते मोजा. वजन तेच असताना फरक का पडला, ते मुलांनाच सांगू द्या. नंतर विटेखाली तुराटीच्या काड्या अंथरून पुन्हा पाहा.

दोन. जाड पुठ्ठ्याच्या सारख्या पट्ट्या कापा. एक पट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवून मध्यभागी नाणी ठेवत जा व ती वाकेपर्यंत मोजा. मग दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून आणि नंतर दोन पट्ट्या नीट चिकटवून, वाळवून हेच करा. नुसत्या ठेवलेल्या दोन पट्ट्या साधारण दुप्पट भार पेलतील, चिकटवलेल्या मात्र त्याहून बऱ्याच जास्त. बर्फाच्या जाडीचा वर्ग इथे हातात येतो.

तीन. खोबरेल तेल काचेच्या छोट्या बाटलीत घेऊन बर्फाच्या पाण्यात ठेवा. आत तापमापी ठेवून ते कोणत्या तापमानाला धुरकट होऊ लागते आणि कोणत्या तापमानाला वाहायचे थांबते, याची नोंद करा. डिझेलसाठीही याच दोन खुणा पाहतात.

आणि चौथा प्रयोग पावसाळा स्वतःच करून दाखवील. शाळेच्या वाटेवर एखादी ट्रॉली फसलेली दिसली, तर मुलांना घटकाभर थांबू द्या. चाक का फिरते, काड्या का टाकल्या, कुठल्या टायरमध्ये हवा जास्त आहे, हे त्यांना विचारा. मग सगळ्यांनी मिळून ती ढकलायला मात्र विसरू नका.